रिक्त पद: सर्वसामान्य प्रेक्षक

समीक्षिकेचे वडील एका बुधवारी सकाळी सव्वाअकराला वारले, आणि शहरातल्या समकालीन नृत्याला सर्वसामान्य प्रेक्षक उरला नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, पण सभागृहाच्या दप्तरात त्याची तशीच नोंद आहे. सभागृह नगरसंस्थेचे. वर्षातल्या सोळा शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ ते 'लोकाभिमुख कला' या सदराखाली नर्तकांना मिळत असे. कला लोकाभिमुख आहे की नाही हे ओळखायचे कसे, यावर पूर्वी कधीतरी एका समितीने दोन वर्षे डोके खाजवून नियम चार, पोटनियम ख तयार केला होता. प्रत्येक प्रयोगाला किमान एक सर्वसामान्य प्रेक्षक हजर पाहिजे. तो नर्तक नसावा, नर्तकाचा नातेवाईक नसावा, विद्यार्थी किंवा माजी विद्यार्थी नसावा, आणि त्याला नृत्याचे ज्ञान नसावे. प्रयोगानंतर त्याने प्रपत्र क्रमांक नऊ भरून द्यावे. प्रपत्र न आल्यास त्या संध्याकाळी रंगमंचावर जे काही घडले ते 'प्रयोग' न धरता 'सराव' धरावे.

वाचायला नियम सोपा. पण त्या शहरात समकालीन नृत्य करणारे एकूण चौदा जण होते आणि ते पाहणारेही तेच चौदा जण. सात जण नाचत तेव्हा उरलेले सात बघत. पुढच्या शनिवारी बघणारे नाचत आणि नाचणारे बघून सूड घेत. या चौदांपलीकडे सभागृहात दोनच माणसे असत. क ओळीत आठ नंबरला समीक्षिका आणि सात नंबरला तिचे वडील. समीक्षकांनाही नातेवाईक असतात ही शक्यता नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. त्या फटीतून बाबा सात वर्षे आत येत होते.

बाबा निवृत्त वजनमापे निरीक्षक. छत्तीस वर्षे त्यांनी दुकानदारांच्या तराजूंच्या बुडाशी चिकटवलेले मेण, चुंबक आणि आतून पोकळ केलेली वजने पकडली. समीक्षिकेची आई गेल्यावर ते घरात बसून पितळी तराजूवर काहीबाही तोलत राहायचे. मिठाची पुडी, आलेली पत्रे, हरवलेल्या कुलपाची किल्ली. एक दिवस त्यांनी आईचा चष्मा तोलला. त्या दिवशी समीक्षिकेने ठरवले की बाबांना आता घराबाहेर काढलेच पाहिजे, आणि ज्या एकाच ठिकाणी तिची ऊठबस होती तिथे ती त्यांना घेऊन गेली. आपण बाबांवर उपकार करतो आहोत असे तिला सात वर्षे वाटत होते. हे तिने कधी बोलून दाखवले नाही. उपकार बोलून दाखवणे तिच्या सुसंस्कृतपणात बसत नव्हते.

ती एका साप्ताहिकात नृत्यसमीक्षेचे सदर लिहीत असे. शनिवारी प्रयोग, बुधवारी सदर. तिने पुष्कळ वाचले होते आणि वाचलेले वाया जाऊ देणे तिला पाप वाटे. अंधारात वही मांडीवर घेऊन ती सगळा प्रयोगभर लिहीत असायची. तरीही खरी समीक्षा तयार व्हायची ती घरी परतताना, वीस मिनिटांच्या रस्त्यावर. तिथे बाबा एखादे वाक्य बोलत. ते वाक्य ती घरी नेऊन भिजत घालायची; बुधवारपर्यंत ते आठशे शब्दांचे होई.

बाबा म्हणाले, "मधे बराच वेळ काही झालंच नाही." छापून आले: "स्तब्धतेचा हा दीर्घ अवकाश प्रेक्षकाला स्वतःच्या काळाशी वाटाघाटी करायला भाग पाडतो."

बाबा म्हणाले, "दिव्याचा उजेड सारखा डोळ्यांत जात होता." छापून आले: "इथे प्रकाश पाहणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो."

बाबा म्हणाले, "आज डोळा लागला गं." हे तिने जपून ठेवले आणि वार्षिक आढाव्यात वापरले.

बुधवारी बाबा सदर मोठ्याने वाचत, चष्मा काढत आणि म्हणत, "बरंच झालेलं दिसतंय की शनिवारी."

प्रयोगानंतर 'संवाद' नावाचा एक कार्यक्रम असे. चौदा जण रंगमंचावर गोल करून बसत. चांगले, वाईट, आवडले, कंटाळा आला हे शब्द तिथे वर्ज्य होते. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मला असं जाणवलं की' अशीच व्हायला हवी.

"मला असं जाणवलं की तुझ्या डाव्या खांद्याला काहीतरी सांगायचं होतं."

"मला असं जाणवलं की तुला ते ऐकू आलं."

बाबांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांना वर्तुळाबाहेर खुर्ची मिळायची. सात वर्षांत ते संवादात एकदाच बोलले. त्या दिवशी एक तरुण नर्तकी अकरा वेळा जमिनीवर कोसळली होती. सगळ्यांना पुष्कळ जाणवून झाल्यावर बाबा म्हणाले, "ती पडली ते खरं नव्हतं."

नृत्यदिग्दर्शिकेने, म्हणजे चौदांतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी, हातातल्या बाटलीतले गरम पाणी सावकाश प्यायले. "काका, खरं नव्हतं म्हणजे?"

"वजन टाकलं नाही हो तिने. आधी हाताने चाचपलं, मग पडली. पोकळ वजन होतं."

ती मुलगी लाल झाली. समीक्षिकेला बाबांची इतकी लाज वाटली की तिने घाईघाईने सांगितले, "मला असं जाणवलं की बाबा दमलेत." बुधवारी तिने लिहिले की या पतनांमध्ये गुरुत्वाकर्षणाला दिलेला एक मूक नकार आहे. त्या मुलीने ते कात्रण चौकटीत लावून घेतले आणि पुढे दोन वर्षे ती तशीच पडत राहिली.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेचा फोन आला.

"अगं, काय बोलू? काका म्हणजे... काका म्हणजे आमच्यासाठी काय होते हे शब्दांत सांगता येणार नाही."

"हो."

"त्यांची जागा कुणीच भरून काढू शकणार नाही."

"हो."

मग दिग्दर्शिका अगदी हळुवारपणे म्हणाली, "येत्या शनिवारसाठी कोणी आहे का तुझ्या पाहण्यात?"

कोणी नव्हते. तो शनिवार सराव म्हणून नोंदला गेला. त्यानंतरचाही. मग सभागृहाच्या व्यवस्थापकांनी फलकावर सूचना लावली: 'रिक्त पद: सर्वसामान्य प्रेक्षक. अनुभवाची अट नाही. अनुभव असल्यास अर्ज करू नये.'

तीन आठवड्यांत चार जण आले. पहिल्याने विचारले की मध्यंतर किती वाजता होते, आणि ते नसते हे कळताच तो उठला. दुसऱ्या बाईंची मावसबहीण चौदांपैकी एकीच्या जावेची शेजारीण निघाली. तिसऱ्याने दुसऱ्याच मिनिटाला 'आकृतिबंध' हा शब्द उच्चारला. चौथा माणूस नळदुरुस्तीवाला होता. तो अर्ज करायला आलाच नव्हता. रंगपटातला नळ दुरुस्त करून तो हात पुसत मागच्या दारात उभा राहिला आणि पंधरा मिनिटांनी त्याने विचारले, "ही दोघं इतका वेळ एकमेकांना चिकटून आहेत, मग बोलत का नाहीत? भांडण झालंय का?"

सगळ्यांचे डोळे पाणावले. इतका शुद्ध अडाणीपणा त्यांनी सात वर्षांत पाहिला नव्हता. त्याला तिथल्या तिथे प्रपत्र देण्यात आले. पण पुढच्या शनिवारी त्याने अभिप्रायात लिहिले: 'मागच्या वेळेपेक्षा हात मोकळे वाटले.'

व्यवस्थापकांनी ते वाक्य लाल पेनाने अधोरेखित केले. "हे बघा, हा माणूस तुलना करतोय. ज्याला तुलना करता येते त्याला ज्ञान झालेलं आहे. चार-ख खाली अपात्र."

"अहो, पण दुसऱ्यांदा बघितलं तर कुणालाही थोडंफार..." दिग्दर्शिका म्हणाली.

"बरोबर. म्हणजे दुसऱ्यांदा आलेला कोणीही सर्वसामान्य राहत नाही." व्यवस्थापक थांबले. आपल्याच वाक्यामुळे विचारात पडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर येते तशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर आली. "मग कै. काका सात वर्षे पात्र कसे राहिले?"

फाइल मागवली गेली. तीत वर्षाला सोळाप्रमाणे एकशे बारा प्रपत्रे होती. आजवर ती कोणी वाचली नव्हती. ती भरलेली असणे पुरेसे असे.

पहिल्या रकान्यात 'आपणास नृत्याचे ज्ञान आहे काय?' यापुढे बाबांनी एकशे बारा वेळा 'नाही' लिहिले होते. इथपर्यंत ठीक होते. पण तिसऱ्या रकान्यात, 'प्रयोग समजला काय?' यापुढे त्यांनी एकशे बारा वेळा लिहिले होते, 'वजनापुरता.' आणि दुसऱ्या रकान्यात, 'पाहून काय वाटले?' यापुढे, निरीक्षकाच्या बारीक सरळ अक्षरात: 'उंच मुलगा डाव्या पायावर भार द्यायला भितो. जुनी दुखापत असावी.' 'दोघांनी एकमेकांना उचलले तेव्हा वजन बरोबर वाटून घेतले. छान.' 'पांढऱ्या केसांच्या बाई हल्ली स्वतःचे वजन दुसऱ्यांवर टाकतात, त्यांचे घेत नाहीत.'

पांढऱ्या केसांच्या बाईंनी, म्हणजे दिग्दर्शिकेने, पाण्याची बाटली खाली ठेवली.

व्यवस्थापकांनी दिग्दर्शिकेच्याच संस्थेचे माहितीपत्रक उघडले. पहिली ओळ होती: 'वजन हाच आमच्या नृत्याचा विषय आहे.' मग त्यांनी बाबांचा नोंदणी अर्ज उघडला. व्यवसाय: वजनमापे निरीक्षक, छत्तीस वर्षे.

"म्हणजे तुमच्या विषयातला या शहरातला सर्वांत मोठा तज्ज्ञ," व्यवस्थापक म्हणाले, "सात वर्षे सर्वसामान्य म्हणून बसवलात तुम्ही."

यापुढे जे घडले त्यात कुणाचीही चूक नव्हती. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवरून ठरत गेली. प्रेक्षक अपात्र, म्हणून प्रपत्रे बाद. प्रपत्रे बाद, म्हणून एकशे बारा प्रयोग हे एकशे बारा सराव. सात वर्षांत एकही प्रयोग न करणाऱ्या संस्थेला शनिवार देता येत नाही, म्हणून शनिवार गाद्यांच्या प्रदर्शनाला. त्यांच्याकडे सर्वसामान्य माणसांचा तुटवडा नव्हता. तिथेही लोक आडवे होत, डोळे मिटत, कूस बदलत. त्यातून काय जाणवले हे मात्र त्यांना कोणी विचारत नसे. शिवाय नियम अकराप्रमाणे सरावाची समीक्षा करता येत नाही, म्हणून समीक्षिकेची एकशे बारा सदरे नियमबाह्य. साप्ताहिकाने हिशेब केला: दर बुधवारी एक दिलगिरी याप्रमाणे दोन वर्षे आणि आठ आठवडे.

एकच वाट होती. दिग्दर्शिका ती टंकलिखित करूनच समीक्षिकेच्या घरी आली.

"फक्त एक सही. तू एकटीच वारस ना?"

कागदावर लिहिले होते: 'मी प्रतिज्ञेवर सांगते की माझ्या दिवंगत वडिलांना समकालीन नृत्यातले काहीही कळत नव्हते. प्रपत्रातील त्यांचे अभिप्राय हे सवयीने लिहिलेले आहेत. ते केवळ बसत असत.'

"केवळ बसत असत," समीक्षिकेने वाचले.

"ते बदलू हवं तर. 'निष्ठेने बसत असत' करू." दिग्दर्शिकेचा आवाज बसला होता. "अगं, चौदा माणसांचा प्रश्न आहे. माझं वय बघ. मला दुसरं काही येत नाही. आणि काकांना आता काय फरक पडतो? ते असते तर स्वतःच म्हणाले असते, मला काय कळतं त्यातलं. म्हणायचेच ना?"

म्हणायचे. समीक्षिकेला ते नाकारता आले नाही. तीच ते वाक्य पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे: आमच्या बाबांना काही कळत नाही, पण येतात बिचारे. शनिवारी चार वाजता सुनावणी होती. तोपर्यंत विचार करते, असे तिने सांगितले. व्यवस्थापकांनी दिलेल्या प्रपत्रांच्या प्रती दिग्दर्शिका तिथेच ठेवून गेली.

त्या दुपारी आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, दोन मजले खाली राहणारी. कागद न विचारता उचलून वाचण्याचा तिचा हक्क कुटुंबात कोणी नाकारलेला नव्हता.

"त्याला काही कळत नव्हतं असं लिहून द्यायचंय? मग दे की," आत्या म्हणाली. "माझी पण सही घे. तुझ्या आईला पहिल्यांदा भेटून आला ना, तेव्हा मी विचारलं, काय रे, कशी आहे? आता माणूस काय सांगेल? डोळे कसे, बोलणं कसं. तर हा म्हणतो, उजवा खांदा किंचित खाली आहे, जड पिशवी त्याच हातात धरत असणार. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, ह्याला काही कळत नाही."

"मग?"

"मग काय. जन्मभर पिशवी ह्यानेच उचलली."

आत्या चहा टाकायला आत गेली. समीक्षिका प्रपत्रे चाळत राहिली. तिला वाटले होते की ती बाबांचे अभिप्राय वाचते आहे. पण दहा-बारा कागदांनंतर तिच्या लक्षात आले की ती सात वर्षांचे प्रयोग पहिल्यांदाच पाहते आहे. कोण कुठे उभे होते, कोण दमले होते, कोण कुणाला सावरत होते. तिच्या वहीत यातले काहीच नव्हते. वहीत 'अवकाश' हा शब्द तीनशे चाळीस वेळा होता.

चौसष्टाव्या प्रपत्रापाशी ती थांबली. 'शेवट फार चांगला होता. म्हाताऱ्या नर्तकाने हळूच सगळे वजन सोडले. लेक वहीत लिहीत असल्यामुळे तिला दिसला नाही. घरी जाताना सांगितला.'

त्या बुधवारचे सदर तिला पाठ होते. तिचे सर्वांत गाजलेले सदर. सुरुवातच अशी होती: 'मी आजवर पाहिलेला सर्वांत हेलावून टाकणारा शेवट.'

मग तिने चौथा रकाना पाहिला. 'पुन्हा याल काय?' त्यापुढे एकशे बारा वेळा, शाई बदलली, पेन बदलले, शेवटी शेवटी अक्षर कापरे झाले, तरी उत्तर एकच: 'लेक येणार असेल तर.'

"साखर किती?" आत्याने आतून विचारले. उत्तर आले नाही म्हणून ती बाहेर आली, कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे तुला सोबत म्हणून जायचा की काय तो? आणि आम्हाला सांगायचा, पोरगी मला नेते, नाही म्हणवत नाही." तिने कप ठेवला. "दोघं एकमेकांवर उपकार करत बसला होतात तर अंधारात."

शनिवारी चार वाजता सभागृहाच्या बैठकीच्या खोलीत सुनावणी सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला चौदा जण. ते सवयीने गोल करून बसू लागले होते. त्यांना ओळीत बसवण्यात आले.

"प्रतिज्ञापत्र आणलंत?" व्यवस्थापकांनी विचारले.

"आणलंय. पण मजकूर थोडा बदललाय."

व्यवस्थापकांनी वाचले: "'मी प्रतिज्ञेवर सांगते की एकशे बारा प्रयोगांना एक सर्वसामान्य प्रेक्षक सभागृहात हजर होता. त्याला समकालीन नृत्यातले काहीही कळत नव्हते. तो क ओळीत आठ नंबरच्या खुर्चीवर बसत असे.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "काकांची खुर्ची सात नंबर."

"आठ नंबर माझी."

खोलीत कोणाला काही जाणवले असल्यास कोणी बोलले नाही.

"मॅडम, तुम्ही समीक्षक आहात. तुम्हाला ज्ञान असल्याचं गृहीत धरलं जातं."

"गृहीत धरलं जातं. तपासलं गेलेलं नाही." तिने पिशवीतून कात्रणांचा गठ्ठा काढला. "पुरावा सोबत जोडलाय. एकशे बारा."

व्यवस्थापकांनी वरचे कात्रण उचलले. "'देह इथे स्वतःच्या अनुपस्थितीचा यजमान होतो.'" त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचले, मग दिग्दर्शिकेकडे पाहिले. "हे तुमच्या प्रयोगाबद्दल आहे. अर्थ काय?"

"फार सुंदर लिहायची ती," दिग्दर्शिका म्हणाली.

"अर्थ विचारला."

दिग्दर्शिकेने बाटलीचे झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले. "मला असं जाणवलं की—"

"हे कुणाला कळलं?" व्यवस्थापकांनी ओळीकडे पाहून विचारले.

चौदा जणांनी सात वर्षे ही कात्रणे आपापल्या अर्जांना जोडली होती, भिंतींवर लावली होती, आईवडिलांना पाठवली होती. हात एकही वर झाला नाही. शेवटी ती मुलगी, अकरा वेळा पडलेली, उठली आणि म्हणाली, "मी गुरुत्वाकर्षणाला नकार दिला म्हणजे नेमकं काय केलं, ते मला दोन वर्षं कुणाला विचारता आलं नाही. काका म्हणाले ते मात्र त्याच दिवशी कळलं होतं. मान्य केलं नाही, इतकंच."

अर्ज एकमताने मंजूर झाला. समीक्षिकेला पूर्वलक्षी प्रभावाने सर्वसामान्य प्रेक्षक घोषित करण्यात आले. प्रपत्र किती दिवसांत द्यावे हे नियमात नसल्यामुळे तिची एकशे बारा प्रपत्रे तिथेच भरून घेण्यात आली. सात वर्षे शेजारी तज्ज्ञ बसलेला असूनही ज्ञानाचा संसर्ग न झाल्याबद्दल व्यवस्थापकांनी इतिवृत्तात तिची वेगळी नोंद घेतली. एकशे बारा प्रयोग पुन्हा प्रयोग झाले, म्हणून शनिवार गाद्यांकडून परत आला. सदरांचे मात्र काय करायचे असा प्रश्न आला. सर्वसामान्य प्रेक्षकाने लिहिलेली समीक्षा ही समीक्षा धरता येत नसल्यामुळे ती 'किरकोळ पत्रव्यवहार' या फायलीत गेली.

"आणि बाबा?" तिने उठता उठता विचारले.

व्यवस्थापकांनी हजेरीचे मोठे पुस्तक उघडले. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर तळाशी एक ओळ छापलेली असे: 'तज्ज्ञ उपस्थित.' समिती स्थापन झाल्यापासून तिथे आडवी रेघ मारलेली होती. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवले, निळे घेतले आणि पहिल्या पानावर रेघेच्या वर लिहिले: 'वजनमापे निरीक्षक (निवृत्त).' मग पान उलटले. एकशे बारा पाने होती. त्यांना पाऊण तास लागला. ती बसून राहिली.

पुढच्या शनिवारी ती आठ नंबरला बसली. सर्वसामान्य प्रेक्षकाला वही वापरता येत नाही, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे तिला बराच वेळ सुचेना. ती मुलगी नाचत होती. मधेच ती थांबली, हाताने काहीही न चाचपता तिने स्वतःला सोडून दिले, आणि खालच्या फळ्यांतून धप्प असा आवाज आला. समीक्षिकेने चटकन डावीकडे पाहिले. सात नंबरची खुर्ची मिटलेली होती. मग तिने पुन्हा समोर पाहिले आणि शेवटापर्यंत पाहत राहिली.

प्रपत्रात तिने लिहिले: एक, नाही. दोन, पडली ते खरं होतं. तीन, वजनापुरता. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबले. पुन्हा याल काय?

"मॅडम, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

तिने लिहिले: 'शेजारी कोणी येणार असेल तर.'

दुसऱ्या कोणी हे वाक्य नुसते वाचून सोडून दिले असते. व्यवस्थापकांनी ती अट धरली. एकमेव सर्वसामान्य प्रेक्षकाचे येणे शेजारच्या खुर्चीवर अवलंबून असल्यामुळे ती खुर्ची भरणे सभागृहाला बंधनकारक झाले. सदराच्या वाचकांकडून सात वर्षांत एकतीस पत्रे आली होती, सगळ्यांत 'अंतर्मुख करणारे लेखन' असे म्हटलेले. एकतीस जणांना बोलावणे गेले. एकतिसांनीही कळवले की नृत्य हा त्यांचा अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे, पण शनिवार जमत नाही.

तेव्हा आता एकच नाव उरते. ज्यांनी हा वृत्तान्त इथवर वाचला, ज्यांना चौदा जणांच्या गोल बसण्याचे हसू आले, आणि असला एखादा प्रयोग शेवटापर्यंत कधी पाहिला होता हे ज्यांना आत्ता आठवत नाही, त्या आपल्याबद्दल चौकशी पूर्ण झाली आहे. आपण नर्तक नाही, नातेवाईक नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीला हसता येण्याइतके सर्वसामान्य आहात. क ओळ, सात नंबर. शनिवारी सहा वाजता. प्रपत्र सोबत जोडले असून आपले पहिले तीन रकाने आम्ही भरून ठेवले आहेत.

चौथा आपल्यालाच भरावा लागेल. तो रिकामा ठेवता येत नाही.